प्लास्टिक अंथरलंय, तरी क्रॉल स्पेसमध्ये ओल परत येते: आधी थेंब कुठल्या बाजूला आहेत ते बघा

ऑगस्ट आला की अमेरिकेच्या दक्षिण-पूर्वेत, रॅली-कॅरीपासून शार्लट, अटलांटापर्यंतच्या घरांमधून तीच तक्रार ऐकू येते. घरात पाऊल टाकलं की कुबट वास. लाकडी फरशीच्या पट्ट्या कडांना उचलल्यात, अनवाणी चाललं तर तळव्याला टोचतात. बाथरूमचं दार चौकटीत अडकतं. एसी दिवसभर घरघरतोय, तरी अंग चिकटच. खाली क्रॉल स्पेसमध्ये, म्हणजे फरशी आणि जमीन यांच्यातल्या रांगत जाण्याएवढ्या पोकळीत, टॉर्च मारावा तर जमिनीवर प्लास्टिक आहे, दोन-तीन वर्षांपूर्वी पैसे मोजून घातलेलं, आणि त्याच्यावर पाण्याची थारोळी.

इथे बहुतेकजण आणखी जाड प्लास्टिक आणायला निघतात. जरा थांबा. हे प्लास्टिक, म्हणजे व्हेपर बॅरिअर, काम करतं ते एकच: जमिनीतून वर येणारी वाफ अडवणं. बाहेरून आत शिरणारी दमट हवा, भिंतीतून पाझरणारं पाणी, गळका पाइप, मध्येच सुटलेला कपड्यांच्या ड्रायरचा होज यातलं काहीही त्याला अडवता येत नाही. म्हणून पाणी कुठून येतंय हे ठरल्याशिवाय रोल विकत घेऊ नका. ते ठरवायला एक कटर, प्लास्टिकचा तुकडा आणि दोन स्वस्त हायग्रोमीटर (हवेची आर्द्रता मोजणारे) पुरतात.

थेंब वर की खाली

पाऊस थांबून दोन-तीन दिवस झाले की खाली उतरा. मधोमध, प्लास्टिकच्या एखाद्या जोडाजवळ, कड उचलून बघा. खालच्या अंगाला थेंब लगडलेत, माती काळपट ओली आहे आणि वरचं अंग कोरडं आहे, तर घाबरायचं कारण नाही. बॅरिअर आपलं काम चोख करतंय. माती वरून कोरडी दिसली तरी तिच्यातून सतत वाफ निघत असते आणि ती तिथे अडकलीय.

थेंब वरच्या अंगाला असतील तर ते पाणी जमिनीचं नाही. आता वर बघा. एकाच ठिकाणी, बाथरूम किंवा किचनखाली थारोळं असेल तर नळकाम. एसीच्या डक्टखाली, डक्टच्या ओळीने ओल असेल तर डक्टला घाम फुटतोय. भिंतीलगत पट्ट्यासारखी ओल असेल तर पाणी भिंतीतून. आणि सगळीकडे सारखा दमटपणा, जॉइस्टवर (फरशी पेलणाऱ्या लाकडी तुळयांवर) पांढरट-करडी बुरशी, खिळ्यांच्या टोकांवर थेंब, फरशीखाली इन्सुलेशनसाठी लावलेल्या फायबरग्लासच्या गाद्या ओल्या होऊन लोंबकळतायत, तर हवा.

भिंतीचा संशय असेल तर एक जुनी युक्ती आहे. ब्लॉकच्या भिंतीचा दीड बाय दीड फुटाचा भाग ब्रशने घासून पुसून घ्या, त्यावर पारदर्शक प्लास्टिकचा चौकोन ठेवून चारही कडा टेपने बंद करा. एक-दोन दिवसांनी बघा. प्लास्टिकच्या मागे, भिंतीच्या अंगाला पाणी असेल तर ते बाहेरच्या मातीतून झिरपतंय. तुमच्याकडच्या बाजूला असेल तर हवेतला दमटपणा थंड भिंतीवर निथळतोय. भिंतीवर पांढरा खार फुटला असेल तर तिथून पाण्याची ये-जा जुनी आहे असं समजा.

दोन हायग्रोमीटर आणि दवबिंदू

सापेक्ष आर्द्रतेचा आकडा एकटा बघून काहीच कळत नाही, कारण तो तापमानासोबत वरखाली होतो. बाहेर ६५ टक्के आणि खाली ८० टक्के दिसले की माणूस म्हणतो, ‘जमिनीतून ओल येतेय’. आकडे नीट मांडून बघू. दवबिंदू म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं पाणी थेंब होऊन सुटायला लागतं ते; तो जितका वर, तितकं हवेत पाणी जास्त. बाहेर ८८ अंश फॅरनहाइट आणि ६५ टक्के, म्हणजे दवबिंदू जवळजवळ ७५ अंश. खाली ७४ अंश आणि ८० टक्के, म्हणजे दवबिंदू साधारण ६७. टक्के जास्त असूनही खालच्या हवेत पाणी बाहेरच्यापेक्षा कमी आहे! ही जागा ओलीच आहे, पण ओल हवेतून येतेय, आणि काही प्रमाणात ती अडतेही आहे.

एक हायग्रोमीटर क्रॉल स्पेसच्या मधोमध जॉइस्टला टांगा, जमिनीवर ठेवू नका. दुसरा बाहेर सावलीत. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ तापमान आणि आर्द्रता लिहून ठेवा आणि कुठल्याही ऑनलाइन कॅल्क्युलेटरवर दवबिंदू काढा. खालचा दवबिंदू बाहेरच्यासोबतच चढत-उतरत असेल तर बाहेरची हवा मोकळेपणाने आत येतेय. खालचा बाहेरच्यापेक्षा सतत वर असेल तर ओलीचा उगम आतच आहे: उघडी माती, साचलेलं पाणी, गळती किंवा ड्रायर. डिसेंबर-जानेवारीत ही परीक्षा आणखी स्वच्छ लागते, कारण बाहेरची हवा तेव्हा कोरडी असते. तरीही खालचा दवबिंदू दहा-पंधरा अंशांनी वर असेल, आणि गळती किंवा ड्रायर नसेल, तर जमिनीकडेच बोट दाखवायचं.

आठवडा वाट बघायची नसेल तर निदान पिनवाला मॉइश्चर मीटर घेऊन जॉइस्टमध्ये पाच-सहा ठिकाणी टोचा. १६ टक्क्यांच्या आत असेल तर लाकूड ठीक. १९-२० च्या वर गेलं की बुरशीला सोयीचं. २८ च्या आसपास आणि वर राहिलं तर लाकूड कुजायला लागतं, आणि मग प्रश्न प्लास्टिकचा उरत नाही, सुताराचा होतो.

वारा खेळता ठेवला तर वाळेल ना?

आपल्या डोक्यात हे पक्कं बसलेलं असतं की हवा खेळती असली की ओल जाते. म्हणून उन्हाळ्यात पायाच्या भिंतीतले झरोके मुद्दाम उघडले जातात. पण कोकणात आषाढात दारं-खिडक्या सताड उघडी टाकली म्हणून पापड कुरकुरीत राहतात का? काडेपेटी पेटते का? जॉर्जिया-कॅरोलायनाचा जुलै त्याच जातीचा. बाहेर ९० अंश आणि ६० टक्के असेल तर त्या हवेचा दवबिंदू ७४ च्या आसपास असतो. क्रॉल स्पेसमधली जमीन, भिंत, पाण्याचे पाइप ६८ ते ७२ अंशांवर, आणि ज्या डक्टमधून ५५ अंशांची हवा वाहते त्याचं आवरण कुठे फाटलं असेल तर तो भाग त्याहून थंड. ही हवा तिथे पोचली की पाणी सुटणारच. पंखा लावला तर आणखी हवा, आणखी पाणी.

नॉर्थ कॅरोलायनातल्या प्रिन्सव्हिलमध्ये, १९९९ च्या फ्लॉइड चक्रीवादळाच्या पुरानंतर बांधलेल्या बारा सारख्या घरांवर याची पद्धतशीर मोजणी झाली आहे. झरोके असलेले आणि बंद केलेले क्रॉल स्पेस शेजारी-शेजारी तपासले गेले. बंद केलेले उन्हाळ्यातही कोरडे राहिले, शिवाय घर गरम-थंड करण्याच्या विजेत १५ टक्के किंवा त्याहून जास्त बचत झाली. दक्षिण-पूर्वेकडे बंद क्रॉल स्पेसचा आग्रह धरला जातो तो यामुळे.

सगळीकडे मात्र हे लागू नाही. कॅलिफोर्नियातल्या सनीवेल, फ्रीमाँटकडच्या जुन्या एकमजली घरांत उन्हाळा कोरडा असतो. तिथे जमीन नीट झाकली आणि झरोके मोकळे ठेवले तर बहुतेक वेळा भागतं. आयआरसी या बांधकाम संहितेतही झरोक्यांचा पर्याय आहेच: दर १५० चौरस फुटांमागे एक चौरस फूट मोकळी जागा, आणि जमिनीवर पहिल्या वर्गाचं, म्हणजे ०.१ पर्म (वाफ किती आरपार जाते ते मोजायचं एकक) किंवा कमी वाफ सोडणारं आवरण असेल तर दर १,५०० मागे एक. तुमच्या काउंटीचा नियम वेगळा असू शकतो, तेव्हा काम सुरू करण्याआधी इन्स्पेक्शन ऑफिसला एक फोन.

प्लास्टिकच्या आधी पाणी

छपराच्या १,००० चौरस फुटांवर एक इंच पाऊस पडला की ६२० गॅलनपेक्षा जास्त पाणी उतरतं. डाउनस्पाउट (गटरचं पाणी खाली आणणारा पाइप) पायाशीच सोडलेला असेल तर ते सगळं भिंतीलगत मुरतं आणि तुमच्या नव्या कोऱ्या प्लास्टिकखाली तळं होतं. गटर साफ, डाउनस्पाउटला निदान सहा फुटांचा पाइप, आणि घरापासून पहिल्या दहा फुटांत सहा इंच उतार. फुलझाडांच्या वाफ्यात मल्च (सालीं-भुशाचा थर) भरभरून हा उतार उलटा झालेला असतो, आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही, कारण तो दरवर्षी थोडाथोडा होतो. भिंतीतून येणाऱ्या पाण्याच्या तक्रारी बऱ्याचदा एवढ्यावरच मिटतात, खाली रांगावंही लागत नाही.

त्यानंतरही आत पाणी उभं राहत असेल तर जमीन सखल भागाकडे उतरती करा, तिथे चर आणि संप पंप (खड्ड्यात जमलेलं पाणी उपसणारा) बसवा. संपचं झाकण हवाबंद हवं, नाहीतर तो उघडा हौदच झाला. पंपाच्या पाइपला चेक व्हॉल्व्ह (पाणी मागे येऊ न देणारा) लावा आणि पाणी घरापासून लांब सोडा.

या टप्प्यावर गळके पाइप, एसीतून निथळणारं पाणी (कंडेन्सेट) आणि ड्रायरचा होज आटपून घ्या. ड्रायरची हवा क्रॉल स्पेसमध्ये सोडणं नियमबाह्य आहे, आणि एका घाण्यातून किती पाणी बाहेर पडतं ते ओला कपडा आणि वाळलेला कपडा हातात धरून बघा म्हणजे कळेल.

काय आणि किती घ्यायचं

दुकानात मिळणारं साधं सहा मिल प्लास्टिक, म्हणजे सुमारे १५० मायक्रॉन, वाफ अडवण्यात कमी पडत नाही, ते ०.१ पर्मच्या आतच असतं. ते हरतं गुडघ्याखालच्या खड्यापुढे. प्लंबर दोनदा रांगत गेला की चाळणी होते. म्हणून आत दोऱ्यांची जाळी असलेलं १२ मिल घ्यावं. २० मिल म्हणजे जवळजवळ ५०० मायक्रॉन, आपल्याकडे शेततळ्याला घालतात त्या कागदाच्या जाडीचं. जिथे सामान ठेवायचंय किंवा फर्नेससाठी वरचेवर कुणी उतरतं तिथे ते ठीक, पण कोपऱ्यांत दुमडताना ते हट्टीपणा करतं. रंग पांढरा घ्या. काळ्यावर गळतीचा डाग दिसत नाही आणि टॉर्चचा उजेडही गिळला जातो.

३० बाय ४० फुटांचं घर धरू. पायाची भिंत आतून ३ फूट, १६ इंची चौकोनी ब्लॉकचे १२ खांब, आणि १२ बाय १०० फुटांचे रोल.

जमिनीसाठी ४० फुटी तीन पट्टे, एकमेकांवर फूटभर चढवून: १२० फूट रोल. भिंतीसाठी रोलचे ४ फुटी तीन उभे भाग पाडा. परिघ १४० फूट, त्यामुळे ५० फूट रोलमधून १५० फूट पट्टी निघते, जोडांना १० फूट उरतात. खांबांच्या कॉलरला फूटभर रुंद, ७० इंच लांब बारा पट्ट्या: रोलचे जेमतेम ६ फूट. एकूण १७६. दोन रोल पुरतात आणि ठिगळांना २४ फूट उरतात.

टेप: जमिनीचे दोन जोड ८० फूट, भिंत-जमीन जोड १४०, खांबांभोवती ६४, चिरांसाठी ४०-५०. म्हणजे ३३० फुटांच्या आसपास. ४ इंच रुंद पॉलिइथिलीन टेपचे १८० फुटी रोल दोन लागतात, तीन घ्या. भिंतीच्या वरच्या कडेला १४० फूट दुहेरी ब्यूटाइल टेप, किंवा पॉलियुरेथेन सीलंटच्या सहा नळ्या (पाव इंचाची रेघ ओढली तर एका नळीत साधारण ३० फूट जाते). दर १८ इंचांवर एक याप्रमाणे नायलॉनच्या शंभर पिना, आणि त्यांच्या मापाचा मेसनरी बिट.

चंदेरी डक्ट टेप या कामाला आणू नका. त्याचा गोंद ओलीत सुटतो. ‘बॅरिअर फेल झालं’ म्हणून जी ठिकाणं उघडली जातात तिथे अनेकदा प्लास्टिक शाबूत असतं आणि टेप केळीच्या सालीसारखी लोंबत असते.

अंथरणं

एकट्याने उतरू नका. अंगभर सूट, गुडघ्याला जाड पॅड, पी-१०० मास्क, हेडलॅम्प, आणि वर फोन घेऊन बसलेलं कुणीतरी. उंदराच्या लेंड्या झाडायच्या नाहीत, फवारा मारून ओल्या करून उचलायच्या. दक्षिणेत ब्लॅक विडो कोळी आणि कॉपरहेड साप दोन्ही इथे सापडतात. १९८० पूर्वीच्या घरात डक्टवर पांढरट कागदी आवरण असेल तर त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं. हात न लावता तपासून घ्या.

जमीन हाताने साफ करा. बांधकामाच्या वेळी फेकलेले लाकडाचे तुकडे, पुठ्ठे, खिळे, फुटके ब्लॉक सगळं बाहेर. लाकूड तर नक्कीच, कारण प्लास्टिकखाली राहिलेला लाकडाचा तुकडा म्हणजे वाळवीला आमंत्रण. टोकदार खडे दंताळ्याने ओढून सखल भागात भरा.

पट्टे खाली कापू नका. ड्राइव्हवेवर उलगडा, मापून कापा, प्रत्येकावर मार्करने जागा लिहा आणि वळकटी करून एकेक आत ओढा. १२ मिलचा अख्खा रोल ३० किलोच्या घरात जातो आणि दीड-दोन फुटांच्या दारातून तो रांगत ओढणं म्हणजे कंबरेचं काम तमाम.

सुरुवात सखल बाजूने. उंचावरचा पट्टा सखल पट्ट्यावर चढला पाहिजे, कौलं शाकारताना वरचं कौल खालच्यावर येतं तसा. उद्या पाइप फुटला तर पाणी प्लास्टिकवरून संपकडे जाईल, जोडातून खाली घुसणार नाही. संहितेला पट्टे ६ इंच एकमेकांवर चढलेले चालतात. १२ ठेवा, कारण माती बसली की प्लास्टिक सरकतं. आणि ते ताणून बसवू नका. खळग्यात सैल पडू द्या. ताणलेलं प्लास्टिक पहिल्याच पावलाला भिंतीवरून सुटतं.

जोडावर दोन्ही बाजू कोरड्या फडक्याने पुसा, टेप मध्यावर ठेवा आणि छोट्या रोलरने किंवा प्लास्टिकच्या चमच्याच्या पाठीने घासून दाबा. नुसत्या बोटाने दाबलेल्या टेपखाली बारीक सुरकुत्या राहतात, आणि वाफेला तेवढी वाट पुरते. थंडीत, ५० अंशांखाली, बहुतेक टेपा धरत नाहीत. मग ती रात्रभर घरात ठेवून गरम असतानाच वापरा.

खांबाशी पोचलं की कडेपासून खांबापर्यंत एक सरळ चीर, आणि खांबाच्या जागी फुलीसारखा काप. पाकळ्या खांबाला टेकवा. मग कॉलर: फूटभर रुंद पट्टीचे ८ इंच वर, ४ इंच जमिनीवर, कोपऱ्यांवर तळाच्या ४ इंचांत चिरा, खांबाला गुंडाळून टोकं ६ इंच एकमेकांवर. वरच्या कडेला सीलंट आणि घट्ट पट्टा, तळाला टेप. चिरा पाडलेल्या चारही कोपऱ्यांत बोटाएवढं त्रिकोणी भोक उरतं. त्यात मॅस्टिकचा (घट्ट, चिकट लुकणाचा) गोळा दाबा. घाईच्या कामात हेच उघडं राहतं, बारा खांबांची मिळून अठ्ठेचाळीस भोकं.

भिंतीसाठी ब्लॉकची वरची पट्टी वायर ब्रशने घासून घ्या. धूळ आणि खार असेपर्यंत जगातला कुठलाही गोंद टिकणार नाही. प्लास्टिक भिंतीच्या माथ्यापासून तीन इंच खाली थांबवा. ती तीन इंचांची उघडी पट्टी वाळवी तपासणाऱ्याला लागते: वाळवी भिंतीवरून मातीची नळी बांधत सिल प्लेटकडे (भिंतीच्या माथ्यावरच्या आडव्या लाकडाकडे) जाते आणि ती नळी दिसली पाहिजे. प्लास्टिक थेट लाकडापर्यंत चढवलं तर तिला पडद्याआडून रस्ता मिळतो, आणि काही कंपन्या वाळवीची हमीही रद्द करतात.

आधी सीलंट किंवा ब्यूटाइल, त्यावर प्लास्टिक, मग पिना. भोक पाडताना पोकळ ब्लॉकमधून पाणी आलं तर ड्रिल बाजूला ठेवा. ब्लॉकची पोकळी बाहेरच्या पाण्याने भरलीय. गटर आणि उताराकडे परत जा.

झरोके शेवटी बंद करा, जमीन आणि भिंत झाल्यावर. दोन इंची कडक फोमचा तुकडा मापात कापून बसवा, कडेने स्प्रे फोम. उघड्या मातीवर झरोके आधीच बंद केले तर आठवड्याभरात जॉइस्टवर बुरशी चढते.

उलटं लावलेलं

एक चूक वेगळी सांगायला हवी, कारण ती मेहनत करून केली जाते. फरशीखालच्या फायबरग्लासला ‘आधार’ म्हणून जॉइस्टच्या खालच्या कडेला प्लास्टिक ठोकायचं. एसीमुळे वरची फरशी थंड असते, खालून शिरलेली दमट हवा त्या दोघांत कोंडते, आणि लाकूड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवल्यासारखं होतं. फायबरग्लासच्या कागदी बाजूचंही तसंच: ती वर, सबफ्लोरला (फरशीखालच्या लाकडी थराला) टेकलेली हवी. खालून वाचता येईल असा छापील कागद दिसला तर ती उलटी लागलीय.

तपकिरी पडलेल्या, लोंबणाऱ्या गाद्या कोरड्या होतील म्हणून ठेवू नका. काढून टाका. क्रॉल स्पेस बंद करून भिंतींना इन्सुलेशन दिल्यावर फरशीखाली त्यांची गरज उरत नाही.

प्लास्टिक फुग्यासारखं वर आलेलं दिसलं तर दोनच शक्यता: खाली पाणी साचलंय, किंवा कुठला तरी जोड उघडाय आणि हवा आत शिरतेय. हात ठेवून दाबा. लदबदलं तर पाणी.

डीह्युमिडिफायर चालू आहे, तरी ७० टक्के

बंद क्रॉल स्पेसला नुसतं प्लास्टिक पुरत नाही, हवा कोरडी ठेवायची व्यवस्थाही लागते. एक मार्ग एसीच्या सप्लाय डक्टमधून थोडी हवा खाली सोडण्याचा, दर ५० चौरस फुटांमागे मिनिटाला एक घनफूट, म्हणजे आपल्या १,२०० फुटांना २४. स्वस्त पडतो. पण एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरच्या पावसाळी, सुखद दिवसांत एसी चालूच नसतो, आणि आर्द्रता चढते ती तेव्हाच. दुसरा मार्ग डीह्युमिडिफायरचा. संहितेतलं माप दर १,००० चौरस फुटांना दिवसाला ७० पाइंट, म्हणजे इथे ८४. पाइंटचे आकडे जुळवताना जपा: २०१९ पासून घरगुती यंत्रं ८० ऐवजी ६५ अंशांवर मोजली जातात, म्हणून तेव्हाचं ७० पाइंटचं यंत्र आज ५० च्या आसपास लिहिलेलं दिसतं. क्रॉल स्पेससाठी बनवलेल्या यंत्रांचे आकडे बऱ्याचदा अजून ८० अंशांचे असतात. डब्यावर तापमान वाचल्याशिवाय तुलना करू नका.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत आकडा उतरत नसेल तर बिघाड समजू नका. जॉइस्ट आणि सबफ्लोरमध्ये मुरलेलं पाणी आधी निघतं. उलट तो झपाट्याने उतरवू नका: वर हार्डवुड असेल तर पट्ट्यांत फटी पडतात. ६५ वर आठवडा, मग ६०, मग ५५. आणि कडा उचललेली फरशी या काळात घासून सपाट करून घेऊ नका. पट्टीचा तळ ओला होऊन फुगल्यामुळे कडा वर आल्यात. आज त्या तासल्या तर तळ वाळल्यावर मधला भाग उंचवटा होऊन बसतो. मॉइश्चर मीटरचा आकडा महिनाभर स्थिर राहिला की सुताराला बोलवा.

महिन्यानंतरही ६५-७० टक्के असेल तर क्रम असा: दवबिंदू पुन्हा बाहेरच्याशी ताडून बघा, बाहेरच्यासोबत हलत असेल तर रिम जॉइस्ट (कडेची तुळई), पाइप-वायरची भोकं आणि दार तपासा. मग यंत्राचा निचरा. नळी मध्ये लोंबून खड्डा झाला असेल तर पाणी परत तुंबतं. मग डक्ट. रिटर्न डक्ट (घरातली हवा एसीकडे परत नेणारा) फाटलेला असेल तर तो क्रॉल स्पेसची हवा खेचून घरभर फिरवतो, कुबट वास बेडरूममध्ये येतो तो असा. सप्लाय निखळला असेल तर थंड हवा जॉइस्टवर आदळते. डक्टचे जोड ब्रशने लावायच्या मॅस्टिकने बंद करा.

इथे स्वतः हात घालू नका

खाली गॅसचा फर्नेस किंवा वॉटर हीटर असेल आणि तो ज्वलनासाठी तिथलीच हवा घेत असेल, तर झरोके बंद करणं जिवावर बेतू शकतं: धूर चिमणीतून जाण्याऐवजी कार्बन मोनॉक्साइडसकट आत परततो. आधी सीलबंद ज्वलनाचं यंत्र बसवून घ्या.

घर पूरप्रवण क्षेत्रात असेल तर पायातली काही भोकं हवेची नसून पुराच्या पाण्याची असतात. फेमा या अमेरिकी आपत्ती-व्यवस्थापन संस्थेच्या नियमाप्रमाणे निदान दोन, आणि बंदिस्त जागेच्या दर चौरस फुटामागे एक चौरस इंच. ती बुजवली तर पुराचं पाणी भिंतीवर दाब देतं आणि विमाही अडतो.

रॅडॉनची (जमिनीतून येणाऱ्या किरणोत्सारी वायूची) चाचणी क्रॉल स्पेस बंद करण्याआधी एकदा आणि नंतर एकदा करा. ४ पिकोक्युरी प्रति लिटर किंवा वर आलं तर प्लास्टिकखालून हवा ओढून छपरावर सोडणारा पाइप-पंखा लागतो. तो बसवायचाच असेल तर छिद्रांचा पाइप अंथरण्याआधी खाली टाकून ठेवा, नाहीतर नवीन प्लास्टिक कापायची वेळ येते.

राहिलं दार. हजार फूट प्लास्टिक नीट चिकटवतात आणि दार मात्र जुनंच, प्लायवूडचं, वाकलेलं, खाली दोन बोटांची फट. त्याला फोम आणि चारही बाजूंनी गॅस्केट लावा, घट्ट बसणारी कडी घाला. दाराच्या आतल्या अंगाला मार्करने तारीख, दवबिंदू आणि जॉइस्टचे सहा आकडे लिहून ठेवा. पुढच्या ऑगस्टमध्ये कुणी खाली उतरला की तिथेच मीटर टोचून जुन्या आकड्यांशी ताडता येईल.